उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्यांची धाप: माण, खटाव, आटपाडी, जतच्या पट्ट्यासाठी क्रमवार व्यवस्थापन

एप्रिल-मे महिन्यांत सातारा-सांगलीच्या पूर्व भागात मेंढी दगावली की ‘ऊन लागलं’ म्हणून विषय संपवला जातो. पण दुपारी दोन वाजता कोसळलेल्या जनावराच्या बाबतीत चूक बहुतेक वेळा आदल्या रात्री झालेली असते, कधी कधी तर थेट फेब्रुवारीत. दुपारी फक्त परिणाम दिसतो. म्हणून पुढचे टप्पे महिन्यांच्या आणि वेळेच्या क्रमाने दिले आहेत. क्रम मोडून फक्त शेवटचा ‘पाणी ओता’ हा टप्पा केला तर जनावर वाचेलच असं नाही.

‘शेळी म्हणजे वाळवंटातलं जनावर, तिला उन्हाचं काय?’ हा समज आधी सोडा. सिनाई-नेगेवच्या वाळवंटातल्या काळ्या बेदुईन शेळ्या दोन ते चार दिवसांनी एकदा पाणी पितात आणि एका दमात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी पोटात साठवतात, हे खरं आहे. ते पाणी पहिल्या पोटात थांबून हळूहळू रक्तात जातं. पण ही त्या जातीची पिढ्यान्‌पिढ्यांची घडण आहे. आपली उस्मानाबादी शेळी किंवा माडग्याळ मेंढी काटक असली तरी तिच्यावर हा प्रयोग करायचा नाही. गोठ्यात बांधून वाढवलेल्या बोअर, बीटल जातीच्या शेळ्यांवर तर मुळीच नाही.

## शरीर उष्णता कशी टाकतं

मेंढीला घाम फार कमी येतो, शेळीला थोडा जास्त. दोघींचा मुख्य आधार म्हणजे धाप. भरभर श्वासाबरोबर नाका-तोंडातला ओलावा उडतो आणि तिथलं रक्त गार होतं. हे गार रक्त मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताच्या शेजारून वाहतं, त्यामुळे शरीर तापलं तरी मेंदू थोडा थंड राहतो. दिवसभर साठलेली बाकीची उष्णता रात्री, मोकळ्या आकाशाखाली बाहेर पडते. वाळवंटातली जनावरं टिकतात ती याच हिशोबावर. पहाटे अंग गार करून घ्यायचं, दिवसा एक-दोन अंश वाढू द्यायचं, रात्री ते परत सोडायचं. आपल्या व्यवस्थापनाचा सगळा भर ही रात्रीची सोडवणूक होऊ देण्यावर हवा.

## टप्पा १: फेब्रुवारी ते मार्चचा पहिला आठवडा

कातरणी. सर्वात जास्त चूक इथे होते. ऊन वाढलं की मेंढी ‘हलकी करायला’ एप्रिल-मे महिन्यांत अगदी कातडीपर्यंत कातरतात. लोकर उन्हाला अडवते. भर उन्हात लोकरीचं टोक हाताला सोसणार नाही इतकं तापतं, पण त्याखालची कातडी त्या मानाने खूपच कमी तापते. ही ढाल काढून मेंढी माळावर सोडली तर ऊन सरळ अंगावर येतं, कातडी भाजते. उलट बाजूने, वर्षभराची जाड, लेंड्या-काट्यांनी गुंतलेली लोकरही वाईट, कारण तिच्यातून वारा जात नाही. म्हणून कातरणी फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरका. एप्रिल येईपर्यंत अर्धा-पाऊण इंच लोकर परत येते आणि तेवढी पुरते. उशीर झालाच असेल तर पूर्ण कातरू नका. पोटाखालची आणि मांड्यांमधली लोकर काढा, पाठीवरची ठेवा.

जंत. शेणाची तपासणी करून जंतनाशक द्या. जंतांनी रक्त ओढलेलं जनावर धापेचा भार पेलत नाही. खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. ती लालसर गुलाबी हवी, पांढुरकी दिसली तर ते जनावर उन्हाळ्यात सर्वात आधी अडचणीत येणार.

कमजोर जनावरं वेगळी काढा. म्हाताऱ्या मेंढ्या, खोकणारी, ज्यांना हिवाळ्यात फुप्फुसाचा दाह होऊन गेला आहे ती, खूप लठ्ठ बोकड आणि उन्हाळ्यात विणाऱ्या गाभण माद्या यांची एक छोटी खांड (वेगळा कळप) करा. यांना पुढे माळावर लांब न्यायचं नाही.

## टप्पा २: मार्च, निवारा

आधी वारा, मग सावली, शेवटी ओलावा. हा क्रम लक्षात ठेवा. बहुतेक जण उलटा चालतात. फॉगर (पाण्याचं धुकं फवारणारं यंत्र) आधी विकत आणतात आणि गोठा चारी बाजूंनी हिरव्या नेटने बंद करून टाकतात. आतला ओलावा बाहेर जायला वाट नाही राहिली की धापेने अंग गार होणं थांबतं, कारण दमट हवेत ओलावा उडत नाही.

1. गोठ्याच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला असाव्यात, म्हणजे गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मग फक्त आखूड बाजूंनी येतं. गोठा आधीच उलटा बांधलेला असेल तर पश्चिमेच्या बाजूला तेवढा तट्ट्या किंवा नेट लावा, बाकी उघडं ठेवा.
2. पत्र्याला वरून चुना मारा. चुन्यात थोडा डिंक घातला की तो वळवाच्या पहिल्या सरीत वाहून जात नाही. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा वीतभर थर दोरीने आवळून बांधा.
3. पत्र्यावर नेट टाकायचं असेल तर पत्र्याला चिकटवू नका, मध्ये फूटभर अंतर ठेवून ताणा. चिकटलेलं नेट तापून पत्रा आणखी तापवतं.
4. एका मोठ्या जनावरामागे गोठ्यात दहा चौरस फूट जागा धरतात. उन्हाळ्यात बारा-पंधरा द्या, निदान दुपारपुरती तरी.

> सावध: पाचट कोरडं असतं. वीजतारेखाली, चुलीजवळ किंवा शेजारी कोणी बांध पेटवणार असेल तिथे पत्र्यावर पाचट टाकू नका.

झाडाची सावली पत्र्यापेक्षा केव्हाही चांगली. लिंब, चिंच, वड यांची पानं तापून खाली आग ओकत नाहीत. पण एका झाडाखाली दोनशे मेंढरं कोंबली तर ती सावली वाया गेली. मेंढ्या उन्हात गोल करून एकमेकींच्या पोटाखाली माना घालतात. ती सावली शोधायची त्यांची धडपड असते, पण मधल्या मेंढीला वारा मिळत नाही आणि तीच आधी कोसळते. असा गोळा दिसला की कळप सावकाश हलवून दोन-तीन झाडांखाली वाटून द्या. उस्मानाबादी बहुतेक काळी असते आणि काळा रंग ऊन जास्त शोषतो. मिश्र कळपात सावली कमी पडत असेल तर काळ्या शेळ्यांना पहिला हक्क द्या.

फॉगर लावायचाच असेल तर पंखा किंवा मोकळा वारा असेल तरच लावा, आणि फक्त कोरड्या हवेत. आपल्याकडे एप्रिलची दुपार कोरडी असते, तेव्हा त्याचा उपयोग होतो. मेच्या शेवटी ढग येऊन हवा दमट झाली की बंद करा. तळ ओला राहिला तर खुरं कुजतात आणि करडांना रक्ती हगवण लागते.

## टप्पा ३: पाणी

तीस-पस्तीस किलोच्या जनावराला कोरड्या चाऱ्यावर उन्हाळ्यात रोज पाच ते सात लिटर पाणी धरा, पाजत असलेल्या मादीला त्याच्या दीडपट. म्हणजे सात लिटरच्या हिशोबाने पन्नास जनावरांची सोय साडेतीनशे लिटरपासून सुरू होते. एवढं पाणी आहे का, हा प्रश्न मार्चमध्ये सोडवायचा. टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी आहे त्यावर जनावरांचा हौद अवलंबून ठेवू नका, निदान आठवड्याचा साठा हाताशी हवा.

दिवसातून चार वेळा पाणी द्या: पहाटे चारणीआधी, दहाला परतल्यावर, दुपारी तीन-साडेतीनला आणि रात्री. गोठ्यातल्या शेळ्यांपुढे ते कायम असावं. हौद सावलीत ठेवा आणि आतून-बाहेरून चुना मारा. उन्हातल्या काळ्या टाकीचं आणि काळ्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम येतं. ते बादलीत काढून गार होऊ द्या, मग वापरा. पाण्याला शेवाळ किंवा मुताचा वास आला तर शेळी तहानलेली असूनही तोंड लावत नाही. मेंढीपेक्षा शेळी याबाबतीत फार चोखंदळ असते.

> तपासा: हाताच्या कोपराखालचा भाग पाण्यात बुडवा. कोमट लागलं तर ते पाणी पिण्याजोगं नाही.

> सावध: लांबून चालत आलेला, दिवसभर तहानलेला कळप एकदम हौदावर सोडू नका. दहा-पंधरा मिनिटं सावलीत थांबवा, थोडं पाजा, अर्ध्या तासाने पोटभर पाजा. करडं-कोकरांच्या बाबतीत हे काटेकोर पाळा. एकदम फार पाणी गेलं तर त्यांच्या रक्तातल्या पेशी फुटून लघवी लाल होते.

## टप्पा ४: चारणी आणि खाण्याच्या वेळा

चारा पोटात आंबतो तेव्हा उष्णता तयार होते, आणि ती खाल्ल्यानंतर तीन ते पाच तासांनी सर्वात जास्त असते. सकाळी दहाला भरपेट कडबा टाकला तर पोटातली भट्टी बरोबर एक ते तीनच्या दरम्यान पेटते. वरून ऊन, आतून भट्टी. हेच खाणं संध्याकाळी सातला दिलं तर ती उष्णता रात्री गार हवेत निघून जाते. खर्च तोच, चारा तोच, फक्त वेळ बदलायची. तरीही ‘सकाळी आमोण (भिजवलेलं खाद्य), सकाळी खुराक’ ही सवय मोडायला लोक तयार नसतात.

असं वेळापत्रक ठेवा:

1. पहाटे साडेपाच ते साडेनऊ: चारणी. उजाडायच्या आत कळप माळावर हवा. दहानंतर एक मिनिटही चारायचं नाही, कळप अर्धपोटी दिसला तरी.
2. दहा ते साडेचार: सावली, पाणी, रवंथ. गोठ्यातल्या शेळ्यांना लागलाच तर थोडा झाडपाला द्या, कडबा किंवा खुराक नको.
3. पाच ते साडेआठ: दुसरी चारणी. चांदणं असेल तर आणखी तास-दीड तास. लांडग्याचा वावर असलेल्या रानात माणूस आणि कुत्रं सोबत असल्याशिवाय रात्री थांबू नका.
4. रात्री: गोठ्यातल्या जनावरांना दिवसभराच्या चाऱ्याचा दोन तृतीयांश भाग आणि सगळा खुराक आता. उरलेला एक तृतीयांश पहाटे.

चारा कसा आहे यालाही तितकंच महत्त्व आहे. जाड, निकृष्ट कडबा पचायला जास्त वेळ आणि जास्त उष्णता घेतो. त्याची कुट्टी करून त्यात सुबाभूळ, शेवरी, हादगा, शेवगा यांचा पाला, तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, जमलं तर मुरघास मिसळा. बाभळीच्या वाळलेल्या शेंगा माणदेशी माळावर फुकट मिळतात, त्या वेचून ठेवा. भूक मंदावलेल्या जनावरापुढे थोडं पण चांगलं टाकावं लागतं. मात्र ‘ताकद येईल’ म्हणून मका भरडा एकदम दुप्पट केला तर पोटात आम्ल वाढून जनावर हातचं जाईल. वाढवायचाच तर आठ-दहा दिवसांत, थोडा थोडा.

दोन गोष्टींनी उन्हाळ्यात जनावरं मरतात आणि दोष मात्र उन्हाला जातो. पहिली म्हणजे लग्नसराईतला उरलेला भात, पोळ्या, बुंदी. मांडवामागे टाकलेलं हे अन्न शेळ्या अधाशासारख्या खातात आणि दुसऱ्या दिवशी पोट फुगून, दात खात पडून राहतात. दुसरी म्हणजे कापलेल्या ज्वारीला वळवाच्या पाण्यावर फुटलेले कोवळे फुटवे. पाण्याच्या ताणात त्यांत विष वाढतं आणि काही मिनिटांत जनावर तडफडून जातं. असं रान चारायचंच नाही.

रात्री बसवण्याची जागाही याच टप्प्यात येते. रानात वाघरीत (जाळ्याच्या कुंपणात) बसणारी मेंढरं मोकळ्या आकाशाखाली असतात, ते उत्तम. गोठ्यातल्या शेळ्यांना मात्र चोरीच्या भीतीने रात्री दारं लावून पत्र्याखाली कोंडतात. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात. गोठ्यापुढे जाळी मारलेलं मोकळं आवार करा आणि रात्री जनावरं तिथे ठेवा. माझ्या मते उन्हाळ्यासाठी एकच खर्च करायचा असेल तर तो या आवारावर करावा, फॉगरवर नाही.

## टप्पा ५: मीठ, क्षार, सोडा

मोठ्या जनावराला रोज पाच ते दहा ग्रॅम मीठ आणि पाकिटावरच्या प्रमाणात खनिज मिश्रण द्या. मिठाबरोबर पाणी भरपूर हवं, नसेल तर मीठ वाढवू नका. धापेने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि गळणाऱ्या लाळेतून पोटाचा सोडा बाहेर पडतो. म्हणून खुराक खाणाऱ्या दुभत्या शेळीला खुराकातून पाच ग्रॅम खाण्याचा सोडा चालतो. खच्ची केलेल्या, खुराकावर वाढवल्या जाणाऱ्या बोकडांना तो रोज देऊ नका. कमी पाणी, जास्त धान्य आणि सोडा हे एकत्र आलं की मुतखड्याचा धोका वाढतो.

उसाचं वाढं खाऊ घालत असाल तर त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातला कॅल्शियम अडवतं हे लक्षात असू द्या. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि चाऱ्यात वाढं निम्म्याच्या आत ठेवा.

## टप्पा ६: पहाटेची मोजणी

सगळे दुपारी धाप बघतात. माझा आग्रह पहाटेचा आहे. पहाटे चारणीला निघण्याआधी, जनावर बसलेलं असताना, कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. कळपातली पाच-सहा जनावरं पुरेत.

- मिनिटाला १५ ते ३० श्वास: रात्री अंग गार झालं आहे.
- ४० च्या वर: रात्रीची सोडवणूक झालेली नाही. आज चारणी कमी करा, रात्रीची जागा आणि पाणी तपासा.

दुपारी सावलीत हीच मोजणी ६० ते ८० पर्यंत गेली तर ताण मध्यम आहे, १२० च्या जवळ गेली तर जास्त आहे.

> सावध: धाप आधी उथळ आणि भरभर असते, तोंड बहुधा मिटलेलं असतं. तीच पुढे संथ, खोल, तोंड उघडून आणि जीभ बाहेर काढून चालू झाली की लोकांना वाटतं जनावर सावरलं. ते सावरलेलं नसतं, त्याचा शेवटचा दम चाललेला असतो. लगेच टप्पा ७ वर जा.

गुदद्वारातलं तापमान घ्यायला साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. टोकाला तेल लावा, दुसऱ्या टोकाला दोरा बांधा, आतल्या भिंतीला टेकवून धरा. निरोगी जनावर साधारण १०२ ते १०३.५ फॅरनहाइट दाखवतं. १०४ ला लक्ष ठेवा, १०५ ला उपचार सुरू करा, १०६ म्हणजे जीव धोक्यात.

पहाटेच ताप १०४ च्या वर असेल, नाकातून घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडं, तोंडात फोड किंवा हगवण असेल तर ते ऊन नाही, आजार आहे. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) किंवा फुप्फुसाचा दाह असू शकतो. जनावर वेगळं बांधा आणि डॉक्टरांना बोलवा.

## टप्पा ७: जनावर कोसळलं तर

क्रम असाच ठेवा.

1. आहे तिथेच सावली करा. घोंगडं नाही, चादर किंवा नेट चार हातांनी उंच धरा. जनावराला पळवत, ओढत गोठ्याकडे नेऊ नका. उचलून न्या.
2. भोवतीची गर्दी हटवा, वारा घाला. पंखा असेल तर पंखा, नाहीतर सुपाने.
3. साधं विहिरीचं पाणी पोटाखाली, मांड्यांमध्ये, कासेवर, पायांवर आणि डोक्यावर सतत टाका. मेंढीच्या पाठीवर तांब्याभर पाणी शिंपडून काही होत नाही. लोकर वरून ओली होते आणि आत वाफ कोंडते. पाठ भिजवायची तर कातडीपर्यंत निथळेल इतकी, वारा चालू ठेवून. शेळीला सगळ्या अंगावर चालतं.
4. दर पाच-दहा मिनिटांनी तापमान घ्या. १०३.५ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर अंग नको इतकं गार पडतं.
5. छातीवर बसतं करा, आडवं पडू देऊ नका. पोट फुगतं.
6. मान स्वतः धरू लागलं की मगच पाणी पुढे ठेवा. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर किंवा तेवढाच बारीक गूळ आणि अर्धा चमचा मीठ. स्वतः पिऊ द्या.

> सावध: धापणाऱ्या किंवा शुद्ध हरपलेल्या जनावराला बाटलीने, नळीने काहीही पाजू नका. ताक, कांद्याचा रस, गुळाचं पाणी, काहीही. ते फुप्फुसात जातं आणि जनावर उन्हातून वाचून दोन-तीन दिवसांनी न्यूमोनियाने मरतं. हा प्रकार फार होतो.

पाणी टाकायला सुरुवात झाली की दुसऱ्या माणसाला पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करायला सांगा. शिरेतून सलाइन लागू शकतं. वाचलेलं जनावर पुढचे चार-पाच दिवस कळपासोबत पाठवायचं नाही. ते त्याच आठवड्यात पुन्हा लवकर कोसळतं.

## बाजार, वाहतूक, लस

आटपाडीच्या बाजाराला जायचं तर गाडी पहाटे भरा आणि ऊन चढायच्या आत पोहोचा. नेण्याआधी पाणी पाजा, खुराक देऊ नका. वरून ताडपत्री पूर्ण झाकू नका, बाजू उघड्या ठेवा. चहासाठी गाडी उन्हात उभी केली की आतली हवा थांबते, म्हणून थांबायचं तर झाडाखाली.

आंत्रविषारची लस पावसाळ्याआधी द्यावी लागते, म्हणजे ती नेमकी मेमध्ये येते. सकाळी आठच्या आत उरका. लस बर्फात ठेवा आणि जनावरं धरायला पळापळ करू नका, आदल्या रात्रीच छोट्या आवारात घेऊन ठेवा.

## मेंढा: जूनची तयारी एप्रिलमध्ये

आपल्याकडे पावसाच्या सुरुवातीला कळप फळतो, म्हणजे मेंढ्या गाभण राहतात. मेंढ्याचं वीर्य तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात, म्हणजे जूनच्या मध्याला लागणारं वीर्य एप्रिल-मेच्या उन्हात घडत असतं. त्या काळात मेंढा तापला तर जूनमध्ये तो उडतो, पण मेंढ्या उलटतात (गाभण न राहता पुन्हा माजावर येतात) आणि मालकाला वाटतं मेंढ्यांत खोट आहे.

म्हणून एप्रिलपासून मेंढा आणि बोकड माळावर लांब नेऊ नका. सर्वात गार सावली त्यांना द्या. अंडकोषावरची लोकर कातरा. पिशवी सैल लोंबलेली आणि दोन्ही अंडं घट्ट, सारखी लागली पाहिजेत. मे महिन्यात नराला १०५ च्या वर ताप येऊन गेला असेल, तर जूनमध्ये त्याच्यावर विसंबू नका, दुसऱ्या नराची सोय करा. नवा नर आणायचा तर दहिवडी किंवा रांजणीच्या शासकीय मेंढी प्रक्षेत्रावर वेळेत चौकशी करा आणि तो मार्चमध्येच आणा, म्हणजे आपल्या पाण्या-चाऱ्याला रुळायला त्याला वेळ मिळतो. फळल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस मेंढ्यांनाही उन्हात हिंडवू नका. गर्भ तेव्हा सर्वात नाजूक असतो आणि पाऊस लांबला तर जूनची दुपारही मेसारखीच तापते.